वणीचा कोळसा, दिल्लीचा कायदा

वणी तालुक्यातल्या कोळसा खाणीतला तंटा यवतमाळच्या जिल्हा कचेरीत सुटत नाही. खाणकामगारांसाठी सरकार म्हणजे केंद्र. मग तो वेस्टर्न कोलफिल्ड्सचा (वेकोलि) कायम कामगार असो की ठेकेदाराचा.

खरा घोळ या ठेक्यातच आहे. कंत्राटी पद्धत बंद केली तरी मूळ कंपनीने कामगारांना आपोआप सामावून घेण्याचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात ठरवलं. ठेकेदारांना हायसं वाटलं असेल.

मात्र मार्च २०२४ मध्ये याच न्यायालयाने ओडिशातल्या महानदी कोलफिल्ड्सच्या १३ कंत्राटी कामगारांना न्याय दिला. एकूण ३२ जणांपैकी १९ कायम झाले होते. तेच बारमाही काम करणारे उरलेले मात्र वगळले होते. औद्योगिक लवादाने २००२ मध्येच त्यांच्या बाजूने निवाडा दिला होता. म्हणजे पुढची २२ वर्षं कंपनी सरकारी पैशाने भांडत राहिली!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आता संपाआधी १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांत सक्तीची आहे. कामगार संघटनेला मुदत घालणाऱ्या केंद्राने आपल्याच कंपन्यांच्या अपिलांनाही एखादी मुदत घालावी.