वारसा कुणाचा, सवलत कुणाला?

वारसा, वारसा म्हणून पेठापेठांतून टाळ कुटणाऱ्या पांढरपेशांनो, एकदा हिशेब मांडा. जुनी इमारत सांभाळायला पैसा लागतो, कबूल. पण तो कुणाच्या खिशातून निघतो आणि कुणाच्या खिशात पडतो?

अमेरिकेनं 1976 साली जुन्या इमारतींसाठी करसवलती काढल्या. 1986 पासून दर आहे 20 टक्के. दुरुस्तीवर शंभर रुपये घातले तर मालकाचा वीस रुपये आयकर माफ. थैलीशहांचाच देश तो! तरी अटी आहेत. इमारत धंद्याची वा भाड्याची हवी, काम सरकारी कसोटीला उतरलं पाहिजे, आणि पाच वर्षांच्या आत विकली तर सवलतीचा हिस्सा परत ओकावा लागतो.

आपल्याकडं काय? आपल्याकडं आभाळ विकतात. मुंबईत 1995 च्या वारसा नियमांनी ही वाट काढली. आज पुण्याला लागू असलेल्या 2020 च्या नियमावलीतही ती आहे. यादीतल्या वाड्यावर मजले चढवता येत नाहीत, म्हणून न चढवलेल्या मजल्यांचा हक्क मालकाला कागदावर मिळतो. त्याचं नाव टीडीआर. बिल्डर तो विकत घेतो आणि दुसऱ्याच प्लॉटवर मजले चढवतो. मालकाला पैसा, बिल्डरला मजले. पाण्याचा, ड्रेनेजचा बोजा मात्र त्या दुसऱ्या वस्तीच्या बोडक्यावर. मी धायरीचा. 2017 साली महापालिकेनं आमचं गाव पुरतं पोटात घेतलं. या, टॉवर बघा आणि त्यांच्या पायथ्याशी टँकर मोजा.

आणि वाड्यातला भाडेकरू? भाडं जुनं, म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. वाडा पडायची वाट बघतो. पडला की प्लॉट मोकळा!

मी आठवडाभर मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. बोरीबंदर स्टेशनाला 2004 साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. वास्तुविशारदाचं नाव पोरंसोरं पाठ करतात. ते दगड खांद्यावरून वर नेणारे कोण होते, त्यांची जात काय, त्यांची खोली कुठं, विचारतो का कुणी?

बुधवार पेठेतला भिडेवाडा बघा. 1848 साली जोतिबा-सावित्रीनं तिथं मुलींची शाळा काढली. पुढं वाड्याचा खुळखुळा झाला, कोर्टकज्जे चालले. 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, डिसेंबरात जेसीबी. आता स्मारक होईल, व्हायलाच पाहिजे. पण ज्या भिंतींच्या आत पोरींनी पहिली अक्षरं गिरवली त्या भिंती सवलतीच्या शास्त्रानं वाचल्या नाहीत. कारण हे शास्त्र जमिनीचा भाव मोजतं, माणसाचा इतिहास मोजत नाही.

दोस्तहो, आपण जुन्या दगडांचे वैरी नाही. ते आपल्याच बापजाद्यांनी घडवलेत. म्हणून सवलत देणार असाल तर आमच्या अटींवर द्या:

दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय एक फूटही विकू देऊ नका.
भाडेकरूची खोली आधी कागदावर पक्की करा.
यादीत चाळी, विहार, पाणवठे, मजुरांचे अड्डे घाला.
आणि विकलेले मजले कुठल्या वस्तीवर चढले ते जाहीर करा.

यादीचा नि नियमांचा मसुदा निघतो तेव्हा हरकती मागवतात. आजवर त्या बिल्डरांनी आणि वाडेवाल्यांनी भरल्या. यापुढं आपल्या वस्तीतून गठ्ठ्यानं गेल्या पाहिजेत. अर्ज लिहायला हात लागत असेल तर सांगा, मॅट्रिकपर्यंत शिकलोय, लिहून देतो.