गुडघे टेकून पाहिलेले कास

सप्टेंबरात कासच्या पठारावर सगळे जण फुलांचा गालिचा पाहायला जातात. मी मात्र गेली काही वर्षे एकाच वितीत रमतो. सीतेच्या आसवांचे जांभळे फूल बोटाच्या पेरापेक्षा लहान. उभ्याने पाहिले तर नुसता रंग दिसतो, मॅक्रो लेन्समधून पाहिले की त्याचे ओठ, त्यावरचा पांढरा ठिपका दिसतो. आणि जे कॅमेऱ्यालाही दिसत नाही ते खाली, ओल्या मातीत: या वनस्पतीच्या इवल्या पिशव्या सूक्ष्म जीवांना मिलिसेकंदाहूनही कमी वेळात आत ओढून घेतात. जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून ही शिकार. शेजारच्या दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट केसांवर अडकलेले चिलट टिपायचे तर पहाट गाठावी. गारठलेले कीटक तेव्हा हलत नाहीत, वाराही पडलेला असतो. फुलाच्या खऱ्या आकाराइतकी प्रतिमा घेताना एफ-११ वरसुद्धा जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे श्वास रोखूनच बटण दाबायचे. चिलटाचा डोळा साधला की पाय धूसर होतात, होऊ देत. पण एका चांगल्या चित्रासाठी फुलांवर आडवे पडणारे पाहिले की जीव कळवळतो. ही रोपे एका पावसाळ्याची. बी धरण्याआधी चिरडलेले फूल पुढच्या वर्षीही नसते. मी पायवाटेच्या कडेलाच गुडघे टेकतो. तिथेही, दगडाच्या फटीत, आसवे उगवलेली असतात.