‘धिस’ जवळचं, ‘दॅट’ लांबचं… बस, एवढंच?

शाळेत सगळ्यांनी घोकलेला फंडा आठवतोय? जवळच्या वस्तूला धिस, लांबच्या वस्तूला दॅट. अनेक असतील तर दीज आणि दोज. धिस इज अ पेन, दॅट इज अ ट्री. संपला धडा!

पण बॉस, ऑफिसात पेन आणि झाड कोण दाखवतं? तिथे बोट दाखवायचं असतं प्रॉब्लेमकडे, डेडलाइनकडे आणि बऱ्याचदा माणसांकडे. अशा वेळी हे चार चिमुकले शब्द फुटांतलं अंतर सांगत नाहीत, मनातलं सांगतात.

समजा, क्लायंटचं काम अडकलंय. ‘वुई आर लुकिंग इन्टू धिस इश्यू’ म्हटलंत की प्रश्न तुमच्या टेबलावर आला. तेच ‘दॅट इश्यू’ म्हटलंत तर समोरच्याला वाटू शकतं, यांनी हात झटकले. शब्द एकच बदलला, पण टोन पार बदलला!

माणसांच्या बाबतीत तर जपूनच. ७ ऑक्टोबर २००८ रोजी नॅशव्हिलमधल्या डिबेटमध्ये जॉन मॅकेन यांनी शेजारच्या बराक ओबामांचा उल्लेख नाव न घेता ‘दॅट वन’ असा केला. अनेकांना तो तुच्छतेचा वाटला. ओबामांच्या चाहत्यांनी तेच दोन शब्द टी-शर्टांवर छापून मिरवले! आपल्याकडे आजी आजोबांचं नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणायची, त्यात केवढा मान होता. इंग्रजीत मात्र माणसाला नुसतं ‘दॅट वन’ म्हणणं म्हणजे त्याला लांब ढकलणं.

मग ‘धिस इज माय बॉस’ चालतं ते कसं? कारण ती ओळख करून देणं आहे. ओळख झाली की धिसचं काम संपलं. पुढे ‘आय विल टॉक टू धिस’ नाही, ‘टॉक टू हर’ किंवा ‘टॉक टू हिम’.

फोनवर आणखी गंमत. आपण म्हणतो, ‘मी स्नेहा बोलतेय’, म्हणून तोंडातून ‘मायसेल्फ स्नेहा’ निघतं. साधं, सरळ ‘धिस इज स्नेहा’ म्हणा. पलीकडचा अमेरिकन असेल तर बहुधा ‘इज धिस स्नेहा?’ विचारेल, ब्रिटिश असेल तर ‘इज दॅट स्नेहा?’ दोघंही बरोबर. दॅट ऐकून अपमान वाटून घेऊ नका!

आता आपली नेहमीची गोची: ‘धिस फाइल्स’, ‘धिस पीपल’. यात थोडा हात मराठीचाही असावा. आपल्याकडे ‘ही मुलगी’ आणि ‘ही मुलं’, दोन्हीकडे ‘ही’च. ‘हे घर’ आणि ‘हे लोक’, दोन्हीकडे ‘हे’च. आपलं लक्ष लिंगाकडे, इंग्रजीचं फक्त वचनाकडे. एकेकाळी इंग्रजीतही आपल्यासारखंच हा-ही-हे होतं, बरं का! हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दाखवायच्या शब्दांना तिन्ही लिंगं होती. पुढे ती गळाली आणि उरली ती नपुंसकलिंगी रूपं. आजचे धिस आणि दॅट म्हणजे मुळात त्यांचे ‘हे’ आणि ‘ते’. तेव्हा एकाहून जास्त काही दिसलं की डोळे मिटून दीज किंवा दोज.

शेवटचा आणि सगळ्यात कामाचा फंडा ई-मेलसाठी. ‘द व्हेंडर रेज्ड द रेट्स अँड द डिलिव्हरी वॉज लेट. धिस इज नॉट अॅक्सेप्टेबल.’ आता नक्की काय खपणार नाही? वाढलेले रेट, उशीर, की दोन्ही? व्हेंडर घाईघाईने रेट कमी करेल आणि माल पुन्हा उशिरा पाठवेल. म्हणून धिसला एकटं सोडू नका, त्याच्यासोबत एक नाम द्या: ‘धिस डीले’. बास, कुणाला विचारायला नको.

आज सेंड दाबण्याआधी तुमच्या मेलमधले सगळे धिस शोधा आणि प्रत्येकाला विचारा, ‘बाबा रे, तू नक्की कुणाकडे बोट दाखवतोयस?’ उत्तर तुम्हालाच सापडलं नाही, तर वाचणाऱ्याला कुठून सापडणार?