आकडा जाहीर, अटी गुलदस्त्यात

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईचं प्रो कबड्डीतलं करिअर समजून घ्यायचं असेल, तर त्याच्यावर लागलेल्या बोली एकाखाली एक लिहून काढा. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच मोसमात पठ्ठ्यानं चढाईत दोनशेच्या वर गुण मिळवले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले, त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली. २०२१ ला त्याच संघाकडे १ कोटी ३० लाख. त्या मोसमात खांदा दुखावला आणि मोजकेच सामने खेळून तो बाहेर बसला. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याच संघानं त्याला २० लाखांना घेतलं. २०२३ ला हरियाणा स्टीलर्सनं १ कोटी दिले. २०२४ ला दबंग दिल्लीनं २६ लाख.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. असा वरखाली उड्या मारणारा आलेख कामात दिसला, तर आम्ही एकट्या आकड्याला दोष देत नाही. ज्या यंत्रणेतून तो आकडा बाहेर पडतो, ती यंत्रणा तपासतो. आपण मराठी लोक कबड्डीच्या बाबतीत नेमकं हेच करत नाही. लिलाव झाला की ‘अमक्याला कोटी मिळाले’ म्हणून आनंद मानतो आणि विषय संपतो. पण कोटीचा माणूस तीन वर्षांत वीस लाखांवर कसा येतो, आणि जो वीस लाखांवरही टिकत नाही त्याचं पुढं काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

हा विषय माझ्या डोक्यात घुसला तो एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यामुळं. तो मेलबर्नचा. शनिवारी सकाळी इथं आपण चहा घेत असतो, तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळ असते आणि हा गडी मोबाईलवर ‘फुटी’ बघत असतो. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर एका बाजूला १८ खेळाडू, लांबट चेंडू, हातानंही मारायचा आणि पायानंही. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं चेंडू मारला की सहा गुण. १८५९ मध्ये मेलबर्नला याचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले. क्रिकेटपटू थंडीत फिट राहावेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. आज त्यांच्या लीगच्या अंतिम सामन्याला मेलबर्नच्या मैदानावर लाखभर माणूस जमतो. आणि तरीही ऑस्ट्रेलियाबाहेर या खेळावर पोट भरत नाही.

इथंच मला आपली कबड्डी आठवली.

मी राहतो ते बाड हॉम्बुर्ग हे फ्रँकफर्टजवळचं, टाउनुस डोंगराच्या पायथ्याचं गाव. इथं २०२१ पासून दर जूनमध्ये महिलांची मोठी टेनिस स्पर्धा भरते, विम्बल्डनच्या तोंडावर, हिरवळीच्या कोर्टवर. पहिल्या वर्षी जर्मनीचीच अँजेलिक केर्बर जिंकली होती. इथं पहिल्या फेरीत हरलेली खेळाडू बॅग भरते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात दुसरी स्पर्धा खेळते. वर्षभर, जगभर तिला बाजार आहे. एका आयोजकाशी पटलं नाही, तर दुसरा आहे. साध्या फुटबॉलचंही तसंच. जर्मनीत जमलं नाही तर ऑस्ट्रिया, बेल्जियम, तुर्कस्तान.

फुटीच्या आणि कबड्डीच्या खेळाडूला ही सोय नाही. एकच देश, एकच मोठी लीग. त्या लीगनं दार लावलं की विषय संपला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर माल विकणारे शेकडो आणि विकत घेणारी मंडी एकच. आपल्या कांदा उत्पादकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता प्रश्न असा, की ऑस्ट्रेलियानं या एकाच मंडीचं काय केलं? तिथं १९८६ पासून खेळाडूंची ड्राफ्टनं निवड होते. म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात. अठरा वर्षांच्या मुलाला कुठल्या शहरात जायचंय हे तो ठरवत नाही. प्रत्येक क्लबच्या पगारखर्चावरही मर्यादा असते. वरवर पाहता हे आपल्या लिलावापेक्षाही जाचक. पण १९७३ मध्येच तिथल्या खेळाडूंनी आपली संघटना उभी केली होती. ही संघटना लीगशी बसून सगळ्यांसाठी एकच सामूहिक करार करते. मुख्य ड्राफ्टमधून आलेल्या नव्या मुलाला किमान दोन वर्षांचा करार, किमान वेतन, निवृत्तीसाठी निधी, दुखापतग्रस्त माजी खेळाडूंसाठी वेगळा निधी, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये झालेला करार तर पुरुष आणि महिला खेळाडूंचा मिळून एकत्र आहे.

आणि गंमत बघा. तिथं कुठल्या खेळाडूला नेमका किती पगार, हे लीग नावानिशी जाहीर करत नाही. अमुक ते अमुक रकमेच्या गटात इतके खेळाडू, एवढंच सांगते. पण कराराच्या सामायिक अटी कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे बरोबर उलटं. रक्कम टीव्हीवर, हातोडा आपटून, देशभर जाहीर. अटी मात्र गुलदस्त्यात. मोसमाच्या मध्ये गुडघा गेला तर उरलेले पैसे मिळतात का? शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांच्या उपचारांचा खर्च कोणाचा? लिलावात नाव पुकारलं गेलं नाही, तर आदल्या मोसमाची दुखापत कोणाच्या खात्यावर? मुलाला कबड्डीत घालणाऱ्या आईबापांना या प्रश्नांची उत्तरं आधी वाचायला मिळायला हवीत.

हे प्रश्न काल्पनिक नाहीत. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतलं, आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. सगळा मोसम गेला. पवन मोठा तारा होता म्हणून पुढच्या वर्षी त्याला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली आणि त्याच वर्षी एशियन गेम्सच्या सुवर्णविजेत्या संघाचा तो कर्णधारही होता. पण प्रत्येक संघात असे तारे दोन-तीन. बाकीचे खालच्या गटातले असतात. सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. असल्या पोराचा गुडघा गेला, तर त्याच्यासाठी पुढच्या वर्षी कोण हात वर करणार?

ऑस्ट्रेलियात सगळं आलबेल आहे असंही नाही बरं का. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न तिथं पेटलेला आहे. डॅनी फ्रॉली आणि शेन टक हे दोन माजी खेळाडू अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये गेले. मृत्यूनंतर दोघांच्या मेंदूत अशा धक्क्यांशी जोडला जाणारा आजार आढळला. माजी खेळाडू आज लीगविरुद्ध कोर्टात आहेत. म्हणजे संघटना असली की अन्याय होत नाही, असं नाही. पण संघटना असली की प्रश्न कोणासमोर मांडायचा हे ठाऊक असतं.

जर्मनीत याची आणखी एक बाजू दिसते. इथं क्लबकडून पगार घेणारा व्यावसायिक खेळाडू हा कायद्याच्या नजरेत नोकरदार. सामन्यात लिगामेंट तुटलं, तर तो कामावरचा अपघात धरला जातो, कारखान्यातल्या कामगाराचा हात यंत्रात सापडावा तसाच. त्यासाठीचा सक्तीचा विमा क्लब भरतो. त्यातून उपचार होतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शनही मिळते. ऑलिंपिक खेळांतले बरेच जण तर सैन्यात किंवा केंद्रीय पोलिसांत नोकरीला असतात आणि सरावासाठी त्यांना मोकळीक असते.

हे वाचून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्यांचे संघ, हे आपल्याकडे कधीपासूनच आहे. अगदी खरं. लीग यायच्या आधी मराठी कबड्डीपटूचं घर याच नोकऱ्यांनी चालवलं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे. ती व्यवस्था रुक्ष होती, पगार बेताचा होता, पण गुडघा गेला म्हणून नोकरी जात नव्हती. लीगनं पैसा आणला, प्रतिष्ठा आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२५ मध्ये इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी २३ लाख मिळाले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणनं मार्च २०२४ मध्ये विजेतेपद पटकावलं, तेव्हा इथं आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण लीगनं पैसा वाढवला, तसं जुन्या नोकरीतलं स्थैर्य लीगच्या करारात आलंय का, हा माझा मुद्दा आहे.

पोरींचं तर आणखी अवघड. मार्च २०२५ मध्ये तेहरानला भारतीय महिला संघ आशियाई विजेता ठरला. पण त्यांच्यासाठी लीगच्या नावाखाली प्रो कबड्डीनं काय केलं, तर २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा. त्यातल्या एका संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे होती. पुढं ती स्पर्धा झालीच नाही. ऑस्ट्रेलियात महिलांची फुटी लीग २०१७ मध्ये सुरू झाली, आठ संघांनी. आज पुरुषांच्या सगळ्या १८ क्लबचे महिला संघ आहेत.

मग करायचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. क्रीडा महासंघांच्या कारभारात खेळाडूंना स्थान आणि वाद सोडवायला स्वतंत्र लवाद, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. कबड्डीला याची गरज होतीच. राष्ट्रीय महासंघावर २०१८ पासून कोर्टानं नेमलेला प्रशासक होता आणि निवडून आलेल्या समितीकडे कारभार सोपवायला फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला. पण हा कायदा प्रामुख्यानं महासंघांचा आहे. फ्रँचायझी आणि खेळाडू यांच्यातल्या कराराची काळजी खेळाडूंना स्वतःच घ्यावी लागेल, आणि ते एकेकट्यानं होणारं काम नाही. क्रिकेटमध्येसुद्धा २०१९ ला जी संघटना झाली, ती निवृत्त खेळाडूंची.

माझ्या मते तीन गोष्टी आत्ताही होऊ शकतात. एक, प्रो कबड्डीनं सर्व खेळाडूंना लागू असणाऱ्या कराराच्या अटी जाहीर कराव्यात. रक्कम जाहीर करायला लाज वाटत नाही, तर अटींना का वाटावी? दोन, मोसमात झालेल्या दुखापतीचा उपचार खेळाडू पूर्ण बरा होईपर्यंत संघाच्या खर्चानं व्हावा, मग पुढच्या लिलावात त्याला कोणी घेवो न घेवो. तीन, निवृत्त आणि खेळत्या खेळाडूंनी मिळून एक संघटना काढावी, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातून व्हावी.

महाराष्ट्रातून का? कारण १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, या जर्मनीत येऊन कबड्डी दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. कारण बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. खेळाला मैदान मिळवून देण्यात ज्या मातीनं एवढं केलं, तिनं खेळणाऱ्याच्या पोटापाण्याचंही बघायला हवं.

पुढच्या लिलावात तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या पोराचं नाव पुकारलं जाईल. पेढे जरूर वाटा. आणि तो भेटला की एवढं विचारा, ‘बाळा, करार वाचलास का? नि कोणाकडून वाचून घेतलास?’