यादीत नाव कोणाचे?

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खंडाळ्यात काय किंवा शिरवळ-लोणंदमध्ये काय, शाळेचे कार्यालय आता इंटरनेटवाचून चालत नाही. वेतनदेयके ‘शालार्थ’मध्ये भरावयाची, विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’मध्ये. हा सारा व्यवहार भिंतीवरील ज्या लहानशा पेटीतून, म्हणजे राउटरमधून होतो, तिची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न मात्र सहसा कोणाला पडत नाही. वायफायचा परवलीचा शब्द मुलांना कळू दिला नाही की आपले कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत आहे.

पेटीतून जाणे आणि पेटीत शिरणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिला अधिकार अनेकांना असावा, दुसरा एखाद्यालाच. पेटीत शिरलेला मनुष्य तिच्यातील नोंदी बदलून लिपिकास मूळ संकेतस्थळाऐवजी हुबेहूब बनावट पानावर नेऊ शकतो, आणि ब्राउझरने दिलेला इशारा घाईत झटकला की परवलीचा शब्द गेलाच. २०१६ साली ‘मिराई’ नामक उपद्रवाने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर काबीज केले, ते काही अलौकिक बुद्धीच्या बळावर नव्हे. ‘टेलनेट’चे दार उघडे होते आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द कोणी बदललेला नव्हता, इतकेच.

यावर उपाय म्हणजे ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट’, अर्थात प्रवेशाची यादी. कोणत्या पत्त्याच्या संगणकाने पेटीच्या व्यवस्थेत शिरावे, हे तीत लिहावयाचे. बऱ्याच राउटरांत ही सोय मुळातच असते. परंतु यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम प्रथम लागू पडतो तोच अखेरचा ठरतो. वर ‘सर्वांस मुभा’ लिहून खाली दहा जणांस मज्जाव केला, तर तो मज्जाव कागदावरच राहतो. उलट, अनेक यंत्रांत यादीच्या शेवटी ‘इतर सर्वांस मज्जाव’ ही न लिहिलेली ओळ गृहीत असते. स्वतःचा पत्ता लिहावयास विसरलेला व्यवस्थापक स्वतःच बाहेर राहतो. म्हणून हे काम दूर बसून करू नये. केबल जोडून पेटीशेजारी बसूनच करावे.

रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर हिरकणी कडा उतरून गेली, ही कथा आपण मुलांना मातृप्रेमासाठी सांगतो. पहारेकऱ्यांनी तीतून दुसरा बोध घ्यावयास हरकत नाही. ब्राउझरचे दार बंद करून टेलनेटचे उघडे ठेवणे, हे कडा विसरण्यासारखेच आहे.

यादी सर्वसमर्थ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हुशार विद्यार्थी आपल्या संगणकाचा पत्ता बदलून लिपिकाचा पत्ता धारण करू शकतो. तेव्हा मुलांचे जाळे निराळे हवे आणि परवलीचा शब्दही बळकट हवा.

पेटी बहुधा ठेकेदाराच्या माणसाने बसविलेली असते. त्याचा पत्ता, किंवा बदलून गेलेल्या लिपिकाचा, अद्याप आत आहे काय, एवढे तरी मुख्याध्यापकांनी येत्या सोमवारी विचारून पाहावे.