अख्खा सेट बदला म्हणे!

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दुकानदारांची दिवाळी आठवडाभर आधीच सुरू झाली. पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या यादीत नाहीत, म्हणून "आता अख्खा सेट बदला" हे सर्रास ऐकवलं जातंय. झेरॉक्सवाले, क्लासवाले मुकाट पैसे मोजतायत.

कशाला? एएम४ सॉकेटच्या पुष्कळशा ए३२० बोर्डांवर, म्हणजे अगदी स्वस्तातल्या, रायझन ५ ५६०० चालतो. बायोस अपडेट लागतो, एवढंच. ही मेहेरबानीही सुखासुखी झालेली नाही हं. २०२० मध्ये एएमडी म्हणत होती, नवे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर. ग्राहक खवळले तेव्हा ४०० ला परवानगी मिळाली. ३०० ला २०२२ उजाडलं. सॉकेट तोच, मग अडलं कुठे होतं? इंटेलने तर २०१७ मध्ये एलजीए ११५१ हेच नाव ठेवून जुने बोर्ड बाद केले!

आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर यादी बघा, रिव्हिजन नंबरसकट. बायोस जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करा, तोही यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर बोर्ड खरंच भंगारात जाईल. स्वस्त बोर्डाच्या व्हीआरएमवर बहुधा हीटसिंक नसतो, तेव्हा ६५ वॅटच्या वर जाऊ नका. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्या, साध्या ५६०० वर डिस्प्लेच येणार नाही. मग बायोसमध्ये एफटीपीएम चालू करा.

आणि दुकानदार "नाही होत हो" म्हणाला, तर विचारा: कॅबिनेट उघडून बोर्डाचं मॉडेल तरी बघितलंत का?