प्रहसनाला परीक्षण हवे

‘चला हवा येऊ द्या’ १८ ऑगस्ट २०१४ रोजी झी मराठीवर सुरू झाले आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८च्या ऑगस्टमध्ये सोनी मराठीवर. स्किट हा प्रकार मराठी घरांत रुजवला तो प्रामुख्याने या दोन कार्यक्रमांनी. दोहोंना लोकांनी जीव लावला, दोहोंवर टीकाही झाली. मात्र त्या कौतुकाचा आणि टीकेचा बराचसा भाग कलावंतांभोवती फिरत राहिला. स्किट लिहिले कसे, बसवले कसे, कुठे फसले, याची चिकित्सा फार थोडी झाली.

टीव्हीवरचे प्रहसन मराठीला नवे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि विनायक चासकरांच्या ‘गजरा’ या कार्यक्रमाने छोट्या नाटुकल्यांची गोडी लावली. २०१०मध्ये झी मराठीवर ‘फू बाई फू’ आले. त्यात स्पर्धा होती, परीक्षक होते, गुण होते. भाऊ कदम घरोघरी पोचले ते तिथून.

‘चला हवा येऊ द्या’ने स्पर्धा बाजूला ठेवून थुकरटवाडी नावाचे गाव उभे केले. प्रदर्शित होणाऱ्या सिनेमाचा संच तिथे पाहुणा म्हणून यायचा आणि त्याच्यासमोर त्याच सिनेमाचे विडंबन व्हायचे. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे हा संच जमला तेव्हा उत्स्फूर्तपणाचे कौतुक झाले, गणेशपुरेंची वऱ्हाडी लोकांनी उचलून धरली. सर्वाधिक आदर मिळाला तो मात्र अरविंद जगताप यांनी लिहिलेल्या आणि सागर कारंडेंनी पोस्टमनच्या वेशात वाचलेल्या पत्रांना. त्यात विनोद नव्हता. शेतकरी होता, म्हातारे आईबाप होते. विनोदी कार्यक्रमाची सर्वांत मोठी स्तुती त्याच्या गंभीर भागाने मिळवावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. विनोदाला दाद देताना आपण अजूनही हात आखडता घेतो, हेच त्यातून दिसते.

या कार्यक्रमावरचा सर्वांत टिकाऊ आक्षेप पुरुषांनी साडी नेसण्याचा. समर्थनासाठी परंपरेचा दाखला दिला जाई: तमाशातला नाच्या, संगीत रंगभूमीवरचे बालगंधर्व. हा दाखला अपुरा आहे. बालगंधर्वांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे अनुकरण त्या काळच्या स्त्रिया करत. प्रेक्षकाला तिथे बाई दिसे आणि ती सुंदर दिसे. थुकरटवाडीत हशा येई तो साडीतल्या पुरुषी देहाला. म्हणून साडी नेसली की नाही, यापेक्षा त्या बाईला लेखकाने काही स्वभाव दिला होता का, हे पाहायला हवे होते. जिथे दिला तिथे स्किट उभे राहिले, जिथे नाही तिथे पदर सावरण्यातच वेळ गेला. रंग, जाडी, टक्कल यांवरचे विनोदही याच कसोटीवर पडतात. २०२०मध्ये राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात फेरफार करून दाखवल्यावर संताप उसळला आणि सूत्रसंचालक साबळे यांना माफी मागावी लागली. दौरे आणि नवनवी पर्वे करत कार्यक्रम मार्च २०२४पर्यंत चालला. शेवटच्या काही वर्षांत तोचतोपणाची तक्रार वाढत गेली होती आणि ती खोटी नव्हती.

‘हास्यजत्रे’ची जात वेगळी. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडीने ती नाटकाच्या अंगाने बांधली. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव, विशाखा सुभेदार, ओंकार भोजने ही रंगमंचावर घडलेली मंडळी. पाहुण्यांचा, सिनेमाचा आधार नाही. एक जागा, तीन-चार पात्रे आणि वाढत जाणारा गोंधळ. कोरोनाच्या काळात राज्यातले चित्रीकरण थांबले तेव्हा संच दमणला गेला, पण काम सुरू राहिले. त्या दिवसांत घरात अडकलेल्या माणसांना या कार्यक्रमाने आधार दिला, ही भावना प्रेक्षकांनी वारंवार बोलून दाखवली. अमिताभ बच्चन यांनी संचाला भेटीला बोलावून कौतुक केले. पवईच्या फिल्टरपाड्याचा पत्ता अभिमानाने सांगणारा गौरव मोरे, अरुण कदमांची आगरी, प्रभाकर मोरेंचे कोकणी वळण यांमुळे प्रमाण बोलीबाहेरचा मराठी माणूस मध्यभागी आला. बागलाण, कळवण, मालेगावची अहिराणी मात्र त्या मानाने कमीच ऐकू आली. नाशिक जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने ही तक्रार करायला हरकत नाही.

टीका इथेही झाली. परीक्षक सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांचे खळखळून हसणे अनेकांना स्किटपेक्षा मोठे वाटू लागले. लोकप्रिय झालेली पात्रे आणि तकियाकलाम पुन्हा पुन्हा येऊ लागले. या दुसऱ्या आक्षेपाचे मूळ कामाच्या गतीत आहे. आठवड्याला अनेक स्किटे लिहायची, तालमीला हाताशी थोडे दिवस, मग लेखक हमखास हशा घेणाऱ्या पात्राकडे वळणारच. नाटकाला पन्नास प्रयोगांत सुधारता येते. टीव्हीच्या स्किटला एकच प्रयोग मिळतो. हे लक्षात घेतले तर चौघुले आणि मंडळींनी इतकी वर्षे राखलेली पातळी खरोखर मोठी ठरते.

परीक्षणाची परंपरा मराठीत नाही असे नाही. नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची फेरी चालते तेव्हा संहिता, नेपथ्य, प्रकाशयोजना यांवर वर्तमानपत्रांत बारकाईने लिहिले जाते. एकदाच होणाऱ्या हौशी प्रयोगाला मिळणारे हे लक्ष लाखोंनी पाहिलेल्या स्किटला नियमितपणे मिळत नाही. गोस्वामी-मोटे जोडीचा ‘गुलकंद’ १ मे २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला आणि त्याची रीतसर परीक्षणे छापून आली. त्याच हातांनी शेकडो भाग रचले, त्यांच्या वाट्याला टीआरपीचा आकडा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या चित्रफिती आल्या. अशा चित्रफितीत टाळीचे वाक्य टिकते. त्या वाक्यापर्यंत नेणारी रचना गळून जाते. अमेरिकेत १९७५पासून चालणाऱ्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या एकेका भागावर तिथली नियतकालिके लिहितात. ‘आधीचा संच बरा होता’ ही ओरड तिथेही प्रत्येक पिढीत होते, पण तिच्याशेजारी अमुक स्किटचा शेवट का फसला हेही छापून येते.

२६ जुलै २०२५ रोजी ‘चला हवा येऊ द्या’ परतले. सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर आणि संचात ‘हास्यजत्रे’तून नावारूपाला आलेला गौरव मोरे होते. पहिल्या भागांनंतर चर्चा रंगली ती साबळे आणि भाऊ कदम नसल्याची. नव्या स्किटांच्या लेखनावर फारसे कोणी बोलले नाही.